कपाटातलं दप्तर आणि ढगातला कप्पा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी समितीने मला दिलेला विषय असा : ‘संस्थेची कागदपत्रे क्लाउडवर कशी ठेवावीत आणि सभासदांना कशी उपलब्ध करून द्यावीत.’ आता माझ्या आधी लहान मुलांचे नाच झाले आणि माझ्यानंतर जेवण आहे. त्यामुळे मला मिळालेली जागा किती अवघड आहे, ते तुम्हीच समजून घ्या.

पण विषय कोरडा वाटला तरी आजच्या दिवसाशी त्याचा संबंध आहे. आज सगळ्यांनी पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगितल्या. टँकर आला की बादल्या घेऊन खाली पळायचो ते दिवस, पहिला सार्वजनिक गणपती, रंगकामावरून झालेली ती सर्वसाधारण सभा. या आठवणी आपल्या आहेत, त्या कोणी मागायला येणार नाही. पण ही इमारत आपली, ही जमीन आपली, हे सांगायची वेळ येते तेव्हा समोरचा माणूस आठवण मागत नाही. तो कागद मागतो. आणि ‘घरी कुठेतरी आहे’ हे उत्तर त्याला चालत नाही.

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. निवृत्तीनंतर समितीने संस्थेचं दप्तर लावण्याचं काम माझ्याकडे दिलं. गेली दोन वर्षं मी आणि सी विंगमधली दोन कॉलेजची मुलं मिळून ते करतो आहोत. त्यातून जे कळलं तेच आज सांगणार आहे.

आधी आपले कागद कुठे कुठे विखुरले होते ते पाहू. आपली संस्था २००० साली नोंदली गेली. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. वसई-विरार महानगरपालिका नव्हती, ती ३ जुलै २००९ ला झाली. त्याआधी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार अशा चार नगरपालिका होत्या. बांधकामाची परवानगी मात्र सिडको द्यायची, कारण १९९० पासून वसई-विरार उपप्रदेशाचं नियोजन तिच्याकडे होतं. ते काम २०१० मध्ये महापालिकेकडे आलं.

याचा अर्थ काय झाला बघा. आपल्या नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक ‘टीएनए’ने, म्हणजे ठाण्याच्या नावाने सुरू होतो. जमिनीच्या बिनशेतीचा आदेश ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र सिडकोचं. घरपट्टीच्या जुन्या पावत्या नगरपालिकेच्या, नव्या महापालिकेच्या. एकाच इमारतीची जन्मपत्रिका, पण पानं चार-पाच कार्यालयांत वाटलेली, आणि त्यातली काही कार्यालयं त्या नावाने आज अस्तित्वातच नाहीत. वसई-विरारमधल्या आपल्या वयाच्या कितीतरी सोसायट्यांची हीच गत आहे.

आता हे कागद लागतात कशाला? सगळ्यांत मोठं कारण म्हणजे कन्व्हेयन्स. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यानंतर विकासकाने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची असते, आणि त्यासाठी नियमात चार महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगायला नको. म्हणूनच पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आलं. विकासक पुढे येत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. पण त्या अर्जाला काय काय जोडायचं? सातबारा, मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, खरेदीचे करारनामे, इंडेक्स टू, वास्तुविशारदाचा दाखला. आपल्या चौसष्ट सदनिका. चौसष्ट इंडेक्स टू. दोन वर्षांपूर्वी आमच्या हातात त्यातले एकोणीस होते.

उरलेले कुठे होते? काही सभासदांच्या घरी माळ्यावर, काही बँकांकडे गहाण, काही ज्यांनी घर विकलं त्यांच्याबरोबर गेलेले. आणि संस्थेचे म्हणून जे होते, त्यातले काही पाण्यात गेलेले. जुलै २०१८ तुम्हाला आठवत असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वसई-विरारची वीज बंद, दूध नाही. आपलं कार्यालय तळमजल्यावर, मीटर रूमच्या शेजारी. कपाट लोखंडी होतं, पण लोखंडी कपाटाला पाणी आडवत नाही. खालच्या दोन कप्प्यांतली इतिवृत्तं भिजली. बॉलपेनने लिहिलेलं बऱ्यापैकी वाचता आलं, शाईच्या पेनाने लिहिलेलं पसरून निळं पाणी झालं. टँकरच्या पावत्यांचं पोतं मात्र वरच्या कप्प्यात होतं, ते एकदम कोरडं राहिलं!

आता दुसरी गोष्ट सांगते, ती जरा जड मनाने. आपले एक माजी सचिव, नाव घेत नाही, सगळे ओळखतात, अत्यंत काटेकोर माणूस. २०१६ मध्येच त्यांनी स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या वेळात, संस्थेचे महत्त्वाचे कागद स्कॅन करून क्लाउडवर ठेवले होते. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा तो शब्दही ऐकला नव्हता. २०२१ च्या साथीत ते गेले. सगळं त्यांच्या वैयक्तिक ईमेल खात्यात होतं. पासवर्ड त्यांनाच ठाऊक. पासवर्ड नव्याने घ्यायचा तर ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार, आणि तो नंबर घरच्यांनी सहा महिन्यांनी बंद केला होता. कोणीही करेल, दर महिन्याला रिचार्ज कोण कशाला भरत बसेल? बंद झालेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मुलाने परदेशातून पुष्कळ खटपट केली. खातं उघडलं नाही.

यात त्यांचा काही दोष नाही, घरच्यांचाही नाही. तेव्हा ते सोडून दुसरं कोणी हे काम करायला तयारच नव्हतं. मी ही हकीकत सांगते ती एवढ्यासाठी, की कागद पाण्यातून वाचले तरी माणसाबरोबर जाऊ शकतात.

आणि मग तो मंजूर नकाशा सापडला कुठे? ए विंगमधल्या एका ताईंच्या घरी. २००२ मध्ये त्यांनी गृहकर्ज घेतलं, तेव्हा बँकेच्या वकिलाने नकाशाची झेरॉक्स मागितली होती. त्यांनी दोन काढल्या, एक बँकेला दिली, दुसरी रेशनकार्डाच्या पिशवीत घालून ठेवली. तेवीस वर्षं. ती प्रत अर्थात प्रमाणित नव्हती. पण तिच्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख वाचता येत होती. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करताना तो क्रमांक घातला, आणि प्रमाणित प्रत मिळाली. नुसतं ‘आमच्या इमारतीचा नकाशा द्या’ असा अर्ज आधी एकदा केला होता, त्याला ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं होतं.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट शिकायला मिळाली. जे एकाच्या हातात होतं ते गेलं. जे वाटलं ते वाचलं. आज मी जे काही तांत्रिक सांगणार आहे, ते सगळं या एका वाक्याभोवती आहे.

तर आता क्लाउड. क्लाउड म्हणजे ढग, पण तुमचे कागद आभाळात वगैरे जात नाहीत. ते कुठल्यातरी इमारतीत मोठमोठ्या संगणकांवर जातात. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आपल्या जवळ नवी मुंबईत, ऐरोली-महापे भागात अशी डेटा सेंटर्स आहेत. आपण बँकेत लॉकर घेतो तसाच हा प्रकार. कप्पा दुसऱ्याच्या इमारतीत, किल्ली आपल्याकडे. लॉकरमध्ये आणि यात फरक इतकाच, की एकाच कप्प्याच्या दहा किल्ल्या करून दहा जणांना देता येतात, आणि कोणाला नुसतं बघायचा, कोणाला बदल करायचा अधिकार द्यायचा, ते ठरवता येतं.

आपण गूगल ड्राइव्ह वापरतो आहोत, कारण बहुतेकांच्या फोनमध्ये ते आधीपासूनच आहे. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आहे, ड्रॉपबॉक्स आहे, तत्त्व सगळीकडे तेच. गूगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांचा वाटा असतो. १५ जीबी म्हणजे किती? फोनने नीट स्कॅन केलेलं एक पान साधारण अर्ध्या एमबीचं धरलं, तर तीस हजार पानं. आपलं पंचवीस वर्षांचं सगळं दप्तर, पोत्यातल्या पावत्या सोडून, सहा हजार पानांच्या आत आहे. म्हणजे जागेची अडचण नाही.

स्कॅन करायला मशीन लागत नाही. फोनमधल्या ड्राइव्ह ॲपमध्ये अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं की ‘स्कॅन’ असा पर्याय येतो. तो कागदाच्या कडा स्वतः ओळखतो आणि पीडीएफ बनवतो. साधा फोटो काढू नका, कारण फोटोत सावली येते, पान वाकडं येतं, आणि दहा पानांच्या दहा वेगवेगळ्या फाईली होतात. मोठे नकाशे मात्र फोनने जमत नाहीत. ते वसई स्टेशनजवळच्या मोठ्या आकाराचं स्कॅनिंग करणाऱ्या दुकानातून करून घेतले.

यात सगळ्यांत वेळ कशात गेला सांगू? नावं देण्यात. फोन आपोआप जे नाव देतो, ‘स्कॅन’ आणि पुढे आकडे, त्यावरून सहा महिन्यांनी काहीही कळत नाही. आम्ही नियम केला : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कागदाचं नाव. असं केलं की फाईली आपोआप तारखेप्रमाणे ओळीत लागतात. आणि फोल्डर फक्त पाच केले. जमीन आणि इमारत. नोंदणी आणि उपविधी. सभा आणि इतिवृत्तं. हिशेब आणि लेखापरीक्षण. सभासद. पन्नास फोल्डर केले की कोणालाच काही सापडत नाही, हा बँकेतला जुना अनुभव.

आता तीन बारकावे सांगते, ते मात्र नीट ऐका, कारण बहुतेक सोसायट्यांचं घोडं इथेच अडतं.

पहिला बारकावा मालकीचा. वैयक्तिक गूगल खात्यांमध्ये, मी दुसऱ्याने केलेल्या फोल्डरमध्ये फाईल टाकली, तरी त्या फाईलची मालक मीच राहते. जागाही माझ्याच कोट्यातून जाते. उद्या मी माझं खातं बंद केलं, तर ती फाईल फोल्डरमधून जाते. म्हणजे दिसायला सगळं एकत्र, पण प्रत्येक फाईलचा जीव वेगवेगळ्या माणसाच्या खात्यात. म्हणून आम्ही संस्थेच्या नावाने स्वतंत्र खातं काढलं, आणि प्रत्येक फाईल त्याच खात्यातून चढवली. सभासदांकडून आलेली फाईलसुद्धा आधी उतरवून घेतो आणि संस्थेच्या खात्यातून पुन्हा चढवतो. पैसे भरून मिळणाऱ्या सेवेत ‘शेअर्ड ड्राइव्ह’ असा प्रकार आहे, त्यात फाईल व्यक्तीच्या नाही, गटाच्या मालकीची असते. पुढे जरूर वाटली तर तेही घेता येईल.

या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर संस्थेचा आहे, कार्यालयातल्या फोनचा. सचिवांचा नाही, माझा नाही. पासवर्ड आणि आणीबाणीचे कोड सीलबंद पाकिटात संस्थेच्या बँक लॉकरमध्ये आहेत. समिती बदलली की नवीन समितीने पासवर्ड बदलायचा आणि नवीन पाकीट ठेवायचं. सहकार कायद्याप्रमाणे जुन्या समितीने नव्या समितीला दप्तर सोपवायचंच असतं. त्या सोपवणुकीच्या यादीत आता ‘कपाटाची किल्ली’च्या खाली ‘क्लाउड खातं’ अशी एक ओळ वाढवली आहे. आणि हो, खातं वापरात ठेवायला हवं. दोन वर्षं कोणी उघडलंच नाही असं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. एकदा चढवलं म्हणजे कायमचं झालं, असं नाही.

दुसरा बारकावा : क्लाउड हीच एकमेव प्रत असून चालत नाही. संगणकावरचं फोल्डर आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेलं असेल, तर इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कचरापेटीत ते तीस दिवस राहतं, नंतर जातं. म्हणून वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि दिवाळीनंतर, सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क लॉकरमध्ये ठेवतो. आणि मूळ कागद? ते जपायचेच. स्कॅन झालं म्हणून मूळ रद्दीत घालू नका. बँक कर्ज देताना मूळ करारनामा मागते. न्यायालयात संगणकातली प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. स्कॅन केलेली प्रत कागदाची जागा घेत नाही. कागद गहाळ झाला तर शोध कुठून सुरू करायचा, ते सांगते. त्या ताईंच्या झेरॉक्ससारखी.

तिसरा बारकावा वाटण्याचा, म्हणजे शेअरिंगचा. मघाशी मी म्हटलं, वाटलं ते वाचलं. पण सगळं सगळ्यांना वाटायचं नसतं. फाईल शेअर करताना दोन प्रश्न असतात. कोणाला? आणि कशासाठी, नुसतं बघायला, शेरा द्यायला, की बदल करायला? ‘लिंक असेल तो कोणीही’ असा एक सोपा पर्याय आहे. सोपा आहे म्हणूनच धोक्याचा. ती लिंक आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, कोणीतरी भावाला पाठवली, भावाने एजंटला, की संपलं. दार उघडं आहे, आणि कोण आत आलं ते कळतही नाही.

म्हणून आपण तीन पातळ्या केल्या. उपविधी, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल, परिपत्रकं, हे सर्व सभासदांना त्यांच्या ईमेलवर, फक्त बघण्यासाठी. कायद्याने सभासदाला यातले बरेच कागद पाहण्याचा हक्क आहेच. पूर्वी त्यासाठी अर्ज, मग सचिवांची सवड, मग कपाटाची किल्ली. आता रात्री अकरा वाजताही बघा. दुसरी पातळी समितीची : ठेकेदारांचे करार, बँकेची कागदपत्रं. तिसरी पातळी प्रत्येक सदनिकेची. तुमच्या घराचा इंडेक्स टू, भागपत्राची प्रत, नामनिर्देशन, भाडेकरूची कागदपत्रं. तो फोल्डर समितीला आणि तुम्हाला दिसतो, शेजाऱ्याला नाही.

भाडेकरूंच्या बाबतीत एक विनंती. पोलीस पडताळणीसाठी आलेल्या आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. गेल्या वर्षापर्यंत आपल्या ग्रुपवर हे सर्रास चाललं होतं. त्या माणसाचा आधार क्रमांक दीडशे फोनमध्ये गेला. त्याने काय आपल्याला सांगितलं होतं का, वाटा म्हणून? शेवटचे चार आकडे दिसतात असं मास्क्ड आधार मिळतं, जिथे चालतं तिथे तेच घ्या. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवा, भाड्याने राहणारा माणूससुद्धा आपला शेजारी आहे.

व्हॉट्सॲपबद्दल अजून एक. ग्रुपवर टाकलं म्हणजे जपून ठेवलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फोटो म्हणून पाठवलेला कागद व्हॉट्सॲप लहान करतं, बारीक अक्षरं पुसट होतात. फोन बदलला की जुनं मिळेलच असं नाही. शंभर ‘शुभ सकाळ’च्या खाली इतिवृत्त शोधायचं कसं? व्हॉट्सॲप कळवण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही. कागद ड्राइव्हवर, आणि ‘कागद ठेवला आहे’ एवढा निरोप ग्रुपवर. आणि सावध राहा : आपला फोल्डर उघडताना फार तर तुमचं गूगलचं लॉगिन विचारलं जाईल. बँकेचा पिन, ओटीपी, आधार क्रमांक आम्ही कधीही विचारणार नाही. सोसायटीच्या नावाने एखादी एपीके फाईल आली, तर ती उघडू नका, आधी समितीला फोन करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर.

याचा उपयोग काय झाला, त्याचं एक उदाहरण. बी विंगमधल्या एका कुटुंबाचा मुलगा आखातात आहे. त्याच्या आईच्या नावावरचं घर त्याच्या नावावर करायचं होतं. पूर्वी अशा कामाला तो एक महिन्याची रजा काढून आला असता आणि त्यातले पंधरा दिवस ‘सचिव गावाला गेलेत’ ऐकण्यात गेले असते. या वेळी त्यांच्या सदनिकेचा फोल्डर त्याला दाखवला. नामनिर्देशन, भागपत्र, इंडेक्स टू, सगळं त्याने तिकडे वकिलाला दाखवलं, काय कमी आहे ते आधीच कळलं, आणि आठ दिवसांच्या सुट्टीत काम उरकून तो परत गेला.

एक इशारा मात्र द्यायला हवा. क्लाउडवर चढवलं म्हणून खोटा कागद खरा होत नाही. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जमिनीवरच्या ४१ अनधिकृत इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली, २०२४ च्या अखेरीपासून त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यातल्या कितीतरी जणांनी आपल्यासारखेच हप्ते भरून घर घेतलं होतं. कागद हातात असणं वेगळं आणि तो ज्या कार्यालयाचा म्हणून आहे त्या कार्यालयाच्या नोंदीशी जुळणं वेगळं. म्हणून आम्ही जमीन-इमारतीच्या प्रत्येक कागदापुढे एक खूण ठेवली आहे : मूळ कार्यालयातून प्रमाणित प्रत घेतली, की अजून घ्यायची आहे. डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो, तो नवा काढून लावला. अजून अकरा कागदांपुढे खूण बाकी आहे. नव्याने घर घेणाऱ्यांना मी हेच सांगते, आधी नोंद पडताळा, मग टोकन द्या.

आणि वाटून ठेवण्याची ही कल्पना काही गूगलने शोधलेली नाही. आपल्या वसईचंच घ्या. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्या मोहिमेचा तपशील आपल्याला आज कळतो तो पेशवे दफ्तरातल्या पत्रांमुळे. ते दफ्तर पुण्यात होतं. पण गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या वर्षांत त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, तेव्हा ते पुण्याबाहेर ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत पोचले. एका वाड्यातलं सगळ्यांचं झालं. आपल्या परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांना विचारा, आजोबांच्या जन्माचा पुरावा कुठे मिळतो? चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. घर बदललं, गाव बदललं, ती वही मात्र संस्थेची, म्हणून राहिली. कोणा एका धर्मगुरूंची असती तर त्यांच्याबरोबर गेली असती.

आता शेवटी, आजच्या दिवशी तुमच्याकडे मागायचं ते मागते.

पहिलं, प्रत्येक घराने आपला ईमेल आणि इंडेक्स टूची प्रत द्यावी. आज सकाळपर्यंत चौसष्टपैकी सत्तावन्न आले आहेत. उरलेल्या सातांची नावं मी घेणार नाही, पण आजच्या जेवणात तुमच्या शेजारी बसायचा माझा विचार आहे. दुसरं, घरात ज्या एकाच माणसाला सगळे पासवर्ड ठाऊक आहेत, त्या माणसाने ते कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत आणि पाकीट कुठे आहे ते अजून एकाला सांगावं. हे अशुभ नाही हो. विम्याचा हप्ता भरतो तसंच आहे. तिसरं, ज्येष्ठ सभासदांनी लाजू नये. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणू नका. दर रविवारी सकाळी दहा ते बारा सी विंगची ती दोन्ही मुलं कार्यालयात बसतात. तुमचा फोन आणा, फोल्डर उघडून दाखवतील, तुमच्या जुन्या फाईली आणल्यात तर तिथेच स्कॅन करून देतील. तुमच्या माळ्यावरच्या पिशवीत काय आहे, ते तुम्हालाही ठाऊक नसतं. नकाशा असाच मिळाला.

आणि चौथं, समितीला. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हे सगळं ठरावाच्या रूपात मंजूर करून घ्यावं. खातं कोणाच्या नावे, किल्ली कोणाकडे, कोणाला काय दिसेल, दर वर्षी कोण तपासेल. आज हे माझ्या आणि दोन मुलांच्या उत्साहावर चाललं आहे. उत्साहावर चाललेलं काम माणूस थकला की थांबतं. ठरावावर चाललेलं पुढची समिती चालवते.

मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आपण या वर्षी करतो आहोत. तो मंजूर व्हायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नाही. पण त्यांनी कागद मागितला आणि आपल्याकडे नव्हता, असं या वेळी होऊ द्यायचं नाही, एवढं नक्की आपल्या हातात आहे. आपले ते माजी सचिव एकटेच जे करत होते, ते आता चौसष्ट घरांनी मिळून करायचं आहे.